झाकण ठेवल्यावर

मुलाला फोन लावण्याआधी टेलरबाईंनी मशीन बंद केलं. असं त्या सहसा करत नसत. बहीण असो, डॉक्टर असो, फोन मान आणि खांद्याच्या मध्ये अडकवायचा आणि शिलाई चालू ठेवायची. पण आज दुपारी बहिणीने बोलता बोलता सांगितलं होतं, की पोराचं ठरत आलेलं लग्न मोडलं. “म्हणजे? तुला बोलला नाही तो? बरेच दिवस झाले की गं!” बहिणीच्या आवाजात कीव होती, आणि त्या कीवेला आतून समाधानाचं मऊ अस्तर होतं.

“हां आई, बोल,” मुलाने फोन उचलला. “पटकन हं, कढई तापलीय.”

“काय करतोयस?”

“कोबी आणि अंडी. तुझंच.”

पूर्वी या वेळचा फोन त्याच्याकडून यायचा. कामावरून आला की चपलासुद्धा न काढता. “आई, आज काय करू? घरात दोन बटाटे आहेत आणि अर्धा कांदा. सोपं सांग, माझ्यात जीव नाहीये.” इकडे नेमकं कुणीतरी माप द्यायला हात पसरून उभं असायचं. बाई तोंडातल्या टाचण्या काढून सांगायच्या: चिर, परत, पाणी घाल, झाकण ठेव. झाकण ठेवलं की पोरगा फोन काही ठेवायचा नाही. शिजेपर्यंत तो तरी काय करणार? मग साहेबांची चिडचिड, घरमालकाचा चिक्कूपणा, दुखणारी कंबर, ती मुलगी, तिच्या आईचं नाक, सगळं एकामागून एक निघायचं. बाई “हं, हं” करत बटणं लावायच्या आणि मनात म्हणायच्या, याचा बटाटा शिजतोय कधी एकदाचा!

शेवटी त्यांनी डोकं चालवलं. शाळेचे गणवेश काही त्या एकेक कापत नसत. कापड थरावर थर अंथरायचं आणि कात्री एकदाच फिरवायची, हा त्यांचा हिशेब. तसंच एका रविवारी दुकान बंद ठेवून त्यांनी कामावरून दमून आलेल्या माणसाला झटपट जमतील असे सगळे प्रकार फोनमध्ये बोलून ठेवले आणि एकगठ्ठा त्याला पाठवून दिले. काम चोख. कुठे अडखळणं नाही, कुठे फापटपसारा नाही. पोराचा वेळ वाचावा म्हणून झाकण ठेवून वाट बघावी लागेल असा एकही प्रकार त्यांनी त्यात घेतला नाही.

पोरगा खूश झाला. “आई, सुटलीस तू माझ्या कटकटीतून!” म्हणाला. खरंच सुटल्या. त्या हंगामात गणवेश वेळेआधी तयार झाले, आणि बहिणीपुढे त्यांनी स्वतःच्या या अकलेची थोडी मिजाससुद्धा केली.

“मावशीचा फोन आला होता,” बाई आता म्हणाल्या.

पलीकडे उलथनं थांबलं. कांदा तेवढा तडतडत राहिला.

“सांगितलं का तिने?”

“मला का नाही बोललास रे?”

“बोलणार होतो गं. पण मुद्दाम फोन करून काय सांगायचं? की आई, ऐक, माझं लग्न मोडलं? तुझ्याकडे गिऱ्हाईक उभं असणार. मावशीने जुन्या कपाटाचं विचारायला फोन केला होता, त्यात निघून गेलं तोंडातून.”

“बरं. मग आता सांग. मशीन बंद केलंय मी.”

“बंद?” तो हसला. “तब्येत बरी आहे ना तुझी?”

“चेष्टा नको करूस, राजा. काय झालं ते सांग.”

त्याचा आवाज खाली आला, लहानपणी मार्क कमी पडले की यायचा तसा. “तसं भांडण वगैरे काही नाही झालं. ती म्हणाली, की तुझ्यासोबत मला... अरे देवा, कांदा! थांब थांब, पुढचं काय ते लावतो.”

खटकन काहीतरी दाबल्याचा आवाज झाला. आणि त्याच्या स्वयंपाकघरात एक बाई बोलायला लागली. ठणठणीत, घाईतली, हुशार बाई. “गॅस बारीक कर. कोबी टाक. मीठ आत्ताच नको, पाणी सुटतं.”

“अरे, पण ती काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“एक मिनिट आई, तू बोलतेयस. मला ऐकू येत नाहीये.”

टेलरबाई गप्प बसल्या. तिकडची बाई मात्र थांबायचं नाव घेईना. अंडी फोडायला लावली, ढवळायला लावली, गॅस बंद करायला लावला. श्वास घ्यायलासुद्धा कुठे जागा सोडली नव्हती.

“झालं,” ती शेवटी म्हणाली. “गरम आहे तोवर जेवून घे. आणि फार विचार करत बसू नकोस.”

“हो, आई,” तो म्हणाला.

बाई तर अजून काहीच बोलल्या नव्हत्या.