ताईची शपथ

ताईला बघायला करंजाड्याचे पाहुणे आले होते. आबांच्या दर वाक्यात शिवी, म्हणून ताईने शपथ घातलेली, आज एकही नाय. मग आबा तोंडच उघडेनात.

शेवटी मुलाची आई म्हणालीच, "यांना स्थळ पसंत दिसत नाही."

ताईचा चेहरा उतरला. माझं डोकंच फिरलं. तो मुलगा मघापासून 'ब्लडी ट्रॅफिक', 'डॅम गुड चहा' असं म्हणत होता आणि हीच आई कौतुकाने हसत होती. शाळा सोडली तरी एवढं इंग्लिश मला कळतं. मी आबांच्या कानात म्हटलं, "हा पण दर वाक्याला शिवीच देतोय."

आबांनी केवढा तरी श्वास सोडला आणि मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"रांडेच्या, मंग पयलंच सांगायचं ना. आपलाच हायस तू."