कुंभारणीचं घर

झरीचा फाटा मागे पडला आणि गाडीने पुन्हा मान टाकली.

महादेवशेटांनी पाय पार खालपर्यंत दाबला होता. तरी काटा साठावरून चाळिसावर, चाळिसावरून विसावर उतरला आणि ती दोन माणसांची तांबडी विलायती गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"बघितलंस? दहा मैल वाऱ्यासारखी, आणि मग हे असं," शेट म्हणाले. "जरा थांबलो की पुन्हा शहाणी."

हरिश्चंद्र मिस्त्री शेजारी बसला होता. डहाणूत वीस वर्षं इंजिनं उघडून कमावलेलं नाव या गाडीने चार दिवसांत धुळीला मिळवत आणलं होतं. कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले, पंप तपासला, दोष काही हाती लागेना. रविवारी मुंबईला जुहूची शर्यत होती आणि शेटांचं नाव तिथे नोंदलेलं होतं. त्यात शेट सारखे डोक्यावर उभे. मिस्त्री गाडीच्या मागे वळला रे वळला की म्हणायचे, "मागे काय ठेवलंय? इंजिन पुढे आहे. पुढे बघ."

चिकूच्या वाडीवाल्याला शर्यतीचं वेड का लागावं, याचं उत्तर गावाकडे तयार होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, म्हणून माणूस गाडी कुरवाळत बसतो. विजयमाला वहिनींनी एक देव सोडला नव्हता. महालक्ष्मीला तर दरवर्षी नारळ. शेट त्यांना गाडीतून न्यायचे, पण पायरी चढायचे नाहीत. बाहेर बसून हॉर्न वाजवायचे. "नुसते हात जोडून पोरं झाली असती तर डॉक्टर उपाशी मेले असते," असं चारचौघांत म्हणायचे.

हरिश्चंद्राला काय वाटलं कोण जाणे, तो उतरला आणि त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. सूं करून हवा आत शिरली. त्याने झाकण लावलं आणि म्हणाला, "चालू करा." गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली आणि तलासरीपर्यंत सुसाट गेली.

"शेट, सापडलं," तो म्हणाला. चार दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं होतं. "टाकी गुदमरतेय. जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्याची बारीक नळी असते मागे खालच्या बाजूला, ती बुजलीय. घरी चला, तारेने मोकळी करतो. दोन मिनिटांचं काम."

शेट शाबास म्हणाले नाहीत. घरापर्यंत गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. दारात उतरल्यावर म्हणाले, "तुला काय करायचं ते कर," आणि वाडीत निघून गेले. हरिश्चंद्राला वाईट वाटलं. मोठ्या लोकांचं मन राखणं कठीण, असं म्हणत त्याने गोणपाट अंथरलं आणि तार घेऊन गाडीखाली शिरला.

नळीच्या तोंडावर मातीचा गुळगुळीत गोळा होता. कुंभारीण माशीने घर केलं होतं.

"सापडलं का काही, हरीभाऊ?" वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

"कुंभारणीचं घर आहे, वहिनी. आता काढतो."

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी पदर सावरून तिथेच मातीत बसल्या आणि वाकून बघू लागल्या. कुंभारीण ज्या घरात आपलं घर बांधते तिथे वर्षाच्या आत बाळ येतं, हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं. गाडीला घर म्हणायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न. तो वहिनींनी विचारला नाही.

"मोडू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगूही नका. हसतील, आणि शर्यतीपायी काडी घालून मोकळे होतील. एवढं माझं ऐका."

हरिश्चंद्राच्या घरी चार पोरं होती. कुंभारीण कधी आली नि कधी गेली, त्याच्या घरात कोणी पाहिलंही नव्हतं. वहिनींचा तो चेहरा बघून तो गाडीखालून बाहेर आला. त्याने तार गुंडाळून ठेवली. झाकण काढून लांब नेलं, त्याला सुईएवढं भोक पाडलं, घासून पुसून परत बसवलं. मग एकट्याने झरीच्या फाट्याच्या पुढे जाऊन आला. गाडी कुठेही अडली नाही.

परत आला तेव्हा शेट दारात उभे होते. नळीचं विचारलंच तर काय थाप मारायची, ते त्याने वाटेत ठरवून ठेवलं होतं.

"झालं, शेट. झाकणाला भोक पाडलं. हवा आता तिथून जाईल. रविवारी बिनधास्त पळवा."

शेटांनी वेगाचं काही विचारलं नाही. "आणि ती नळी?"

थाप त्याच्या तोंडातच राहिली. "नळी... तशीच आहे. हात लावला नाही."

शेट गाडीच्या मागच्या अंगाला टेकले.

"बरं केलंस," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "महिना झाला मला ते घर दिसून. दोष दुसरीकडे कुठे निघावा म्हणून तुला चार दिवस पुढेच राबवलं. आज मोडायला सांगवेना, नको म्हणायची लाज वाटली, म्हणून वाडीत जाऊन उभा राहिलो." त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हिला मात्र बोलू नकोस, हरी. उगाच आशा लागेल बिचारीला."