गुलाबी औषध

बाळाचं वजन याही आठवड्यात रतीभर वाढलं नव्हतं. बाळंतिणीसाठी दिलेलं दूध घरी गेलं की पुरुषांच्याच पेल्यात कसं शिरतं, हे दवाखान्यातल्या नर्सबाईंना तोंडपाठ होतं. त्यांनी आज आडोशाला दुधात लाल टॉनिकचे थेंब टाकले आणि पेला बाळाच्या आईला दिला. "हे औषध इथंच, माझ्यासमोर प्यायचं." सोबत आलेली सासू सरसावली. "घरी नेऊन पाजते की! माझ्यावर विश्वास नाही होय?" "तुमच्यावर आहे हो, आजी. पण हे औषध दवाखान्याबाहेर नेलं की नासतं. आणि पुरुषांना बाधतं." सुनेनं हसू दाबत पेला रिकामा केला. सासू बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिली, हळूच म्हणाली, "माझी दोन अशीच वाळून गेली. तेव्हा हे औषध निघालं नव्हतं का हो?" नर्सबाईंनी पेला विसळायला घेतला. "नव्हतं, आजी. अलीकडेच निघालंय."