मागल्या खेपेला

ओशुन नदीकाठच्या त्या गावात आज पिवळ्या तापाच्या लसीचा दुसरा डोस होता, चार वर्षांच्या पोरांना. एका आईने मात्र पाठीचं फडकं सोडून पुढे केली ती जेमतेम वर्षाची पोर, कोकुमो.

"अगं बाई, हिचा आज पहिला," अबेनी नर्स हसली.

"पहिला तुम्हीच दिलात की. मागल्या खेपेला."

"तेव्हा ही जन्मली तरी होती का?"

"होती तर. दुसऱ्या डोसला आणायच्या आधीच तापात गेली. आता परत आलीय, तर राहिलेलं तेवढं पुरं करा."

अबेनीचं हसू विरलं. गेलेलं लेकरू पुन्हा त्याच पोटी आलं, की त्याचं नाव इथे कोकुमो ठेवतात. कोकुमो म्हणजे 'आता मरायचं नाही'. वाद न घालता तिने सुई टोचली आणि लस दिलेल्या पोरांना लावतात ती जांभळी शाई लावायला पोरीची डावी करंगळी धरली.

नखापाशी जांभळा ठिपका आधीच होता. अबेनीने तो स्पिरिटने घासून पाहिला.

"नाही जायचा तो," आई म्हणाली. "जन्मतःच आहे."