निळं दार

"कथेसाठी पहिला नंबर आणि मजेसाठी शेवटून दुसरा? हे कसं काय?" निकालाचं पान तिसऱ्यांदा वाचून शाल्मलीचं डोकं चक्रावलं. दोन दिवसांत गेम बनवायच्या स्पर्धेत तिने आणि ओजसने पहिल्यांदाच भाग घेतला होता. कोड तिचा, चित्रं त्याची.

गेम साधाच होता. शाळेतून निघालेली मुलगी खड्डे, कुत्री चुकवत घरी पोचते आणि निळं दार उघडतं. पण टेस्टिंगच्या वेळी शाल्मलीने कोडमधली दार उघडणारी ओळ बंद केली होती, ती घाईत सुरू करायची राहूनच गेली. मुलगी नुसती कडी वाजवत उभी राहायची.

'दार उघडणारच नाही हे कळलं आणि मला रडू आलं,' असं एका खेळाडूने लिहिलं होतं.

"अरे, वेडे आहेत का लोक? चूक आहे ती!" शाल्मली वैतागली. "'काय शिकलात' या रकान्यात लिहिते, पाठवण्याआधी गेम एकदा शेवटपर्यंत खेळून बघावा."

"मी खेळलो होतो," ओजस म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

तो जरा घुटमळला. "दार तू हट्टाने तुमच्या कराडच्या घरासारखं काढायला लावलंस. बाबांशी भांडल्यापासून चार वर्षं तिकडे गेली नाहीस. मला वाटलं, मुद्दामच बंद ठेवलंयस."

शाल्मली कोडमधल्या त्या बंद ओळीकडे बघत बसली. टेस्टिंगसाठी दार बंद करायची गरजच काय होती, हे तिला काही केल्या आठवेना.