मधला पडदा

खट्. विळीचं पातं उघडलं, तशी दुपारची चिडीचूप खोली दचकली.

लसूण सोलत बसलेल्या सरजाबाईंनी वर पाहिलं. सुनेनं, आरतीनं, पिशवीतून बोकडाचं अख्खं दिल काढून ताटात ठेवलं होतं. खाटकानं बारीक करून देऊ का विचारलं, तर ही म्हणाली, सुरीसुद्धा लावू नका.

सोमवारी शिवांगीचं ऑपरेशन. पोरीच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, ते आरतीच्या डोक्यावरून गेलं. मग पोरगी झोपली की ती मोबाईलवर व्हिडिओ बघायची. थांबवायची, पुन्हा बघायची.

आणि इकडं भेटायला येईल तिला सरजाबाई एकच सांगायच्या, की पोटुशी असताना ग्रहणात हिनं वांगी चिरली, म्हणून नातीला भोक पडलं. आज सकाळी मुदखेडहून आलेल्या आरतीच्या नणंदेलाही तेच सांगितलं. तेही शिवांगीला मांडीवर घेऊन.

"आत्याबाई, इकडं बघा," आरती सासूला म्हणाली.

आरतीनं दिल पात्यावर उभं चिरलं. गुठळ्या धुऊन काढल्या. वर दोन लहान कप्पे, खाली दोन मोठे. झडपांना ताणून धरणारे पांढरे दोरे. डावीकडची भिंत जाडजूड, उजवीकडची पातळ. दोन्हींच्या मधोमध पडदा, सलग. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा पोटात दुसऱ्या महिन्यातच भरून येतो. तुमचं ग्रहण लागलं तवा मला आठवा चालू होता. माझी वांगी तिथवर कशी पोचली, सांगा की."

"लई शिकलीस," सरजाबाई म्हणाल्या. आणि मान खाली घालून पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

एवढ्या वर्षांत आरतीनं पहिल्यांदा सासूचं म्हणणं खोडून काढलं होतं. अजून बोलावं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलावं, असं तिला वाटत होतं.

इतका वेळ दारात उभी राहून ऐकणारी शिवांगी ताटाजवळ येऊन उकिडवी बसली. तिनं एका बोटानं तो पडदा हळूच दाबून पाहिला. मग आईच्या तोंडाकडं बघत, रागावेल की काय अशा भीतीनं, विचारलं,

"मम्मी, मग दुसऱ्या महिन्यात तू काय चिरलं होतं?"