गाईची जखम
हळर्ण गावातल्या गोठ्यात सगुणकाकांच्या गाईच्या मानेवरची जखम पाहताच मानसीला ओकारी आली. मांसात अळ्या वळवळत होत्या आणि कुजका वास नाकातून जात नव्हता. या अळ्यांच्या जनुकांवर संशोधन करायला ती पणजीहून आली होती. तोंडाला रुमाल बांधून तिने चिमट्याने अळ्या कुपीत घेतल्या आणि मार्गदर्शक सरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. “फार लहान आहेत. औषध लावू नकोस, सोमवारपर्यंत जखमेतच वाढू देत.” “सर, गाय तडफडतेय!” “तिची जनुकं नकोयत आपल्याला,” सर हसले. अळ्यांपेक्षा त्या हसण्याचीच तिला जास्त किळस आली. “बाये, तिका वखद घाल गो,” काका औषधासाठी काकुळतीला आले. मानसीने टर्पेंटाइनचा बोळा जखमेत दाबला आणि शेवटची अळी गळेपर्यंत गाईची मान धरून ठेवली. सोमवारी सरांनी मोठ्या झालेल्या अळ्या मागितल्या. “मी मारल्या,” ती म्हणाली.